डोक्यावर उभा राजा

१

तात्यांनी पेटीचं झाकण उघडलं, आतला तलम कागद बाजूला सारला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. पेटीत पत्ते होते, पण ते पत्ते नव्हते. पोकर खेळणाऱ्या शनिवार मंडळाच्या टेबलावर मळलेला, कुठल्याही दुकानात मिळेल असा एक साधा कॅट तिथे ऐटीत पडला होता.

मूळ कॅट तात्यांच्या आजोबांनी बोटीवरच्या नोकरीत कुठल्याशा बंदरात मिळवलेला. त्याच्या पानांचे कोपरे चौकोनी, पाठ कोरी पांढरी आणि कोपऱ्यात आकड्याचा पत्ताच नाही. इतका जुना कॅट आसपास कुणाकडे नव्हता. तात्या वर्षातून एकदा, मंडळाच्या वाढदिवशी, पेटी उघडून तो लांबून दाखवत. त्याने खेळायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आता पडद्यावर पोकर चालवणाऱ्या एका कंपनीने तो आपल्या दालनात मांडायला मागितला होता. बदल्यात ती मंडळाला इंटरनेटवर कायमचं खासगी टेबल देणार होती. म्हणजे ही छापखान्यावरची भाड्याची खोली सोडली तरी चालणार होतं. कंपनीचा माणूस पुढच्या शनिवारी यायचा होता, म्हणून आज सगळ्यांसमोर पेटी उघडली आणि हे निघालं.

टेबलाभोवतीचे सगळे पेटीवर वाकले. खालच्या छापखान्यातलं यंत्र तेवढं धडधडत होतं. मग वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. एवढंच विचारतो, पेटीत शेवटचा हात कुणाचा गेला होता?"

सगळ्यांच्या माना तात्यांच्या पुतण्याकडे वळल्या. कंपनीशी बोलणं त्यानेच जुळवलं होतं, आणि महिन्याभरापूर्वी पेटी उघडून पत्त्यांचे फोटोही त्यानेच काढले होते.

तात्या पुतण्यासमोर जाऊन उभे राहिले. माणसाचं तोंड वाचण्यात त्यांचा हात धरणारा मंडळात फक्त एक होता, तो म्हणजे वकीलसाहेब.

"तू घेतलास का?"

"नाही, काका."

पण पोराचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तात्यांनी ते वाचलं, मान खाली घातली आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाहुण्या म्हणून बसलेल्या मावशी हे सगळं बघत होत्या. मावशी म्हणजे तात्यांच्या दिवंगत बायकोची धाकटी बहीण. त्यांचा जन्म विमा कंपनीत जळालेल्या गोदामांचे आणि बुडालेल्या मालाचे दावे तपासण्यात गेलेला. पत्त्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल तोंडाबद्दल त्यांचं मत तात्यांच्या उलट होतं. त्यांच्या अनुभवात लबाड माणूस सहसा लाल होत नाही. लाल होतो तो खरा माणूस, आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही म्हणजे.

२

दुसऱ्या दिवशी पुतण्या मावशींकडे आला आणि पाणीसुद्धा न घेता सांगून मोकळा झाला, की पुढच्या शनिवारनंतर तो वेगळी खोली घेऊन राहणार आहे. काका बोलत नाहीत, ताट वाढून ठेवतात आणि आत निघून जातात. आईबाप गेल्यावर ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, त्या घरात आता पाहुण्यासारखं जेवायचं त्याला जमत नव्हतं.

"काकांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. नंतर माझ्या तोंडाकडे बघत बसायचं काय कारण होतं?"

मावशींना बहिणीचं शेवटचं बोलणं आठवलं. बहीण जाताना म्हणाली होती, या दोघांकडे लक्ष ठेव, दोघेही सारखेच हट्टी आहेत. आता लक्ष ठेवायची वेळ आली होती, आणि हातात आठवडा तेवढा होता.

त्या तडक तात्यांकडे गेल्या. "भावोजी, मला पत्त्यांतलं शेंडाबुडखा कळत नाही. पहिल्यापासून सांगा."

पोकरचा इतिहास सांगा म्हटल्यावर तात्या दुःखातही सरसावून बसले. मंडळाच्या प्रत्येक वाढदिवशी ते तो सांगत, आणि वकीलसाहेब नेमाने पहिल्या आगबोटीतच झोपी जात. खेळ परदेशातल्या एका मोठ्या नदीवरच्या आगबोटींतून वर वर सरकला. आधी वीसच पानं असत. खेळणारे वाढले तशी बावन्न झाली. पानांच्या कोपऱ्यात आकडे नव्हते, त्यामुळे पाचही पानं पंख्यासारखी पूर्ण उघडून धरावी लागत, शेजाऱ्याची नजर चुकवत. चित्रांना डोकंही एकच असे, वर मुकुट आणि खाली जोडे. राजा उलटा आला की नवखा त्याला चटकन सुलटा करी, आणि समोरच्या मुरलेल्याला कळे की याच्याकडे चित्र आलंय. पुढे दोन डोक्यांचे राजे आले, कोपऱ्यात आकडे आले, मग पानं उघडायची गरजच उरली नाही, नुसते कोपरे सरकवले की झालं. पाच पानं हातात धरायच्या जागी दोन पानं टेबलावर पालथी आणि बाकीची सर्वांत मिळून, असा प्रकार रूढ झाला. दूरदर्शनवाल्यांनी टेबलात कॅमेरे बसवले आणि झाकलेली पानं घरबसल्या लोकांना दिसू लागली. शेवटी इंटरनेट आलं. कुणीतरी साधा नोकरदार घरच्या संगणकावरून किरकोळ प्रवेश फी भरून आत शिरला आणि मोठमोठ्यांना लोळवून जगज्जेता झाला. त्यानंतर जो तो पडद्यावर.

"आणि पडद्यावर तोंडं नसतात," तात्या म्हणाले. "बोट किती वेळ थांबलं, एवढंच कळतं. आमच्यासारख्यांनी काय वाचायचं? परवा पडद्यावर पोराने मला सहज हरवलं. वकिलाला तर तो दर वेळी हरवतो."

पेटीच्या किल्लीचं विचारलं, तर ती मंडळाच्या खोलीतच कपबशांच्या फळीवर खिळ्याला टांगलेली असते. म्हणजे चहा पिणारा प्रत्येक जण संशयित.

"मग पोरावरच का?" मावशींनी विचारलं.

तात्या उठून आत निघून गेले.

३

मावशी आधी छापखान्यात गेल्या. मालक अण्णा मंडळातलेच; ते शाईने माखलेल्या हातांनीच नमस्कार करत पुढे आले. पुतण्याच्या फोटोंवरून वाढदिवसाला भेट द्यायला मंडळाने जुन्या कॅटच्या नकला छापायला टाकल्या होत्या. त्या कालच तयार झाल्या. मंडळात अजून कुणाला दाखवलेल्या नव्हत्या.

"रंग जुळवायला मूळ पानं द्या म्हणून मी तात्यांच्या किती विनवण्या केल्या, ते नाहीच म्हणाले," अण्णा तक्रारीच्या सुरात म्हणाले. मग मावशींची नजर बघून थबकले. मूळ कॅट हरवला की नकलांना भाव येणार, हे त्यांच्या आत्ता कुठे ध्यानात आलं असावं. ते लगबगीने म्हणाले की नकला हव्या तर मावशींनी खुशाल घेऊन जाव्यात. मावशींनी एक कॅट पिशवीत टाकला.

दुसऱ्या संशयित पत्तेताई. यांचं खरं नाव मंडळात कुणी घेत नसे. टेलिफोनच्या कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी पत्ते पिसून वाटायचं काम त्यांचं. त्यांच्या हातावर सगळ्यांचा आंधळा विश्वास. पडद्यावर यंत्र पत्ते वाटतं, तेव्हा खोली गेली की पत्तेताईंचं काम गेलं. हे त्यांनी आडपडदा न ठेवता स्वतःच सांगितलं.

"वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू," त्या म्हणाल्या. "पण कॅट पळवून खोली थोडीच टिकणार? आणि टिकली तरी त्या पोराला चोर ठरवून मी कुठल्या तोंडाने वाटायला बसू?"

मावशींना हे पटलं. पण विम्याच्या नोकरीत पटलेल्या गोष्टींनीच त्यांना अनेकदा खड्ड्यात घातलं होतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

४

वकीलसाहेब एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब. घर लख्ख नव्हतं, पण नीटनेटकं होतं. त्यांनी स्वतः चहा केला आणि खिडकीपाशी, हिरवं कापड घातलेल्या छोट्या टेबलावर आणून ठेवला. कापड नुकतंच ब्रशने झाडलेलं होतं आणि मधोमध झिजून मऊ पडलं होतं.

"दुपारी इथेच बसता वाटतं?"

"रोज. एकटाच पत्ते लावत बसतो, पेशन्स. डोळ्यासमोर काही हवं ना."

मग पेटीचा विषय निघाला. वकीलसाहेबांनी ठामपणे सांगितलं की त्या पेटीला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. ते पत्ते बोटांनी कसे लागतात हेसुद्धा त्यांना माहीत नाही. पुतण्याबद्दल ते गोड बोलले, पण त्या गोडाला कडवट चव होती. "पोरगा हुशार आहे. पण आमचा अंगठेबहाद्दर. सगळा डाव अंगठ्याने खेळतो. पत्ता हातात धरायचीसुद्धा त्याला सवय नाही, त्याला जुन्या गोष्टींची काय किंमत?"

"पत्ता हातात धरता येत नाही तो पत्ते चोरेल कशाला?"

"मी चोरला म्हणालोच नाही," वकीलसाहेब हसले. "मी फक्त प्रश्न विचारला होता."

उठता उठता मावशींची नजर पुस्तकांच्या फळीवर गेली. तिथे त्यांचे दोन कॅट खोक्यात रचून ठेवले होते. खोक्यांवर धूळ होती, चांगली बोट फिरवलं तर रेघ उमटेल अशी. घरभर दुसरा कॅट कुठे दिसला नाही.

जिना उतरताना मावशींच्या मनात काहीतरी टोचत राहिलं. नाक्यावर पोचेपर्यंत ते काय आहे हे त्यांना समजलं, आणि त्यांनी घरी जायचं सोडून पत्तेताईंचं दार वाजवलं.

५

शनिवारी दुपारी सगळे खोलीत जमले. मावशींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आज तुम्ही सगळे माझ्यासमोर खेळायचं. जुन्या पद्धतीने, पाच पानं हातात. पत्ते अण्णांनी छापलेली नक्कल. मी फक्त तुमची तोंडं बघणार आहे. इतकी वर्षं तोंडं बघूनच पोट भरलंय."

वकीलसाहेबांनी कौतुकाने मान हलवली. तोंडाचा खेळ म्हटल्यावर त्यांना जोर आला. खुर्चीत ताठ बसून त्यांनी चेहरा असा केला की आत कुणी राहत नसावं. पुतण्या यायलाच तयार नव्हता, मावशींनी त्याला बकोट धरून आणला होता. तो तात्यांपासून सर्वांत लांबची खुर्ची धरून बसला. तात्यांनी ती खुर्ची बघितली आणि घसा खाकरला.

पत्तेताईंनी पत्ते पिसले, वाटले, आणि स्वतःलाही घेतले.

मग जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. सगळ्यांनी सवयीने कोपरे सरकवले, तर कोपऱ्यात काहीच नाही. अण्णा ठिपके मोजू लागले आणि मोजताना ओठ हलवू लागले, त्यामुळे त्यांचं पान सगळ्यांना कळलं. पुतण्याने पानं इतकी वर धरली की ती शेजारच्या पत्तेताईंना दिसली, आणि त्या सभ्यपणे छताकडे बघू लागल्या. एक गुलाम उलटा आला होता, तो त्याने लगेच फिरवला. अण्णांनीही राणी फिरवली. तात्यांनी राजा सुलटा केला, आणि आपण काय केलं हे कळून स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पत्तेताईंनी फिरवलं. डावामागून डाव झाले आणि प्रत्येक डावात कुणी ना कुणी पान फिरवत राहिलं.

मावशी तोंडं बघत नव्हत्या. त्या हात बघत होत्या.

शेवटच्या डावात वकीलसाहेबांनी पैज वाढवली, सगळ्यांना घाबरवलं, आणि तात्या तेवढे टिकले. वकीलसाहेबांनी पानं टेबलावर उघडी केली. दोन राजे होते. विजयाने त्यांचा चेहरा पहिल्यांदाच थोडा सैलावला.

"पत्ते तसेच राहू द्या," मावशी म्हणाल्या. "कुणी हात लावू नका."

६

टेबलावर तात्यांची पानं उघडी होती, त्यांतली राणी आणि गुलाम सरळ उभे होते. वकीलसाहेबांच्या पानांत मात्र एक राजा पायावर उभा होता आणि दुसरा डोक्यावर.

"पत्तेताईंनी माझ्या सांगण्यावरून निम्मा कॅट उलटा करून पिसला होता," मावशींनी सांगायला सुरुवात केली. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. "उलटं चित्र दिसलं की हात ते सुलटं करतो. सगळ्यांनी केलं. वकीलसाहेब, तुम्ही एकदाही केलं नाहीत. पानंही तुम्ही पहिल्या डावापासून पूर्ण उघडून धरलीत. तुमचं बोट एकदाही कोपऱ्याकडे गेलं नाही."

वकीलसाहेबांचा चेहरा तसाच होता. "तात्या दरवर्षी हेच सांगतो. चित्र फिरवलं की समोरच्याला कळतं. मी ते लक्षात ठेवलं, हा गुन्हा झाला?"

"तुम्ही दरवर्षी झोपता. पण धरून चालू की ऐकलंत. भावोजींना ते तुमच्याहून जास्त ठाऊक आहे, सांगणारे तेच. तरी आज त्यांनी राजा फिरवला, कारण डोक्याला माहीत असलं तरी हाताला माहीत नसतं. हाताची खोड मोडायला ते पत्ते रोज हातात घ्यावे लागतात. या नकला तर तुम्ही आज पहिल्यांदा बघितल्यात. मग असे पत्ते तुम्ही खेळलात कुठे?"

मावशी वकीलसाहेबांकडे वळल्या.

"तुम्ही म्हणालात, रोज दुपारी पत्ते लावता. टेबलाचं कापड खरंच त्याची साक्ष देतं. पण तुमच्या दोन्ही खोक्यांवर धूळ आहे. रोज लावता ते पत्ते कुठले, हा प्रश्न मला जिन्यात पडला. आणि तोंड तर तुमचं मला वाचताच येणार नव्हतं, म्हणून तोंडं बघणार असं मुद्दाम सांगितलं. तुम्ही सगळा पहारा तोंडावर बसवलात."

वकीलसाहेबांनी टेबलावरच्या उलट्या राजाकडे बघितलं. मग हात पुढे करून त्यांनी तो सुलटा केला.

"पेटीत पत्ते राहिले नाहीत तर कंपनी येणार नाही, एवढाच विचार होता," ते म्हणाले. "खोली राहिली असती. पडद्यावर मी कोण रे, तात्या? पाटीवरचं एक नाव. दर वेळी हरणारं. इथे मी आलो की तुम्ही सावरून बसता. एकदा घरी नेल्यावर वाटलं, जरा बघू. मग रोज दुपारी समोर रिकामी खुर्ची ठेवून खेळत गेलो. तिची पानं मीच धरायचो."

'तिची' म्हणजे कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मावशींना त्यांची कीव आली, पण त्यांनी ती पुढच्या वाक्यात शिरू दिली नाही. "आणि पोरावर आळ आला तेव्हा?"

"मी फक्त प्रश्न विचारला होता," वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते ऐकवलं नाही. ते उठले, पुतण्यासमोर गेले, आणि अख्ख्या कारकिर्दीत कुणासमोर जोडले नसतील असे हात त्यांनी जोडले. पुतण्या गडबडून उभा राहिला.

कॅट त्यांच्या घरी, हिरव्या टेबलाच्या खणात, बायकोच्या रेशमी रुमालात गुंडाळलेला होता. अण्णा त्यांच्याबरोबर जाऊन तो घेऊन आले. वकीलसाहेब परत आले नाहीत.

७

कंपनीचा माणूस संध्याकाळी यायचा होता. तात्यांनी फोन करून त्याला सांगितलं की येऊ नका, पत्ते देणार नाही. खोलीचं काय ते बघू, फार तर एक शनिवार पडद्यावर आणि एक इथे. वकिलाचं काय करायचं, असं अण्णांनी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले की त्याची खुर्ची हलवू नका, बसायची लाज वाटेनाशी झाली की तो येईल, आणि वाटत राहिली तरी मी आणीन.

हे सगळं सांगून झालं तरी खरं बोलायचं राहिलंच होतं. पुतण्या दाराशी चपला घालत होता. मावशी तात्यांकडे अशा बघत राहिल्या की तात्यांना उठावंच लागलं.

"तुला विचारलं, तू सांगितलंस," तात्या म्हणाले. "तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी. तोंड वाचायला गेलो आणि घरचंच पोर मला वाचता आलं नाही. चुकलो रे मी."

पुतण्याने एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती. तात्यांनी त्याचा दंड धरला, त्याला आणून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि पेटी उघडली. मग आजवर कधी न झालेली गोष्ट झाली. त्यांनी आजोबांचा कॅट पत्तेताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाटा."

पत्तेताईंनी तो पदराला हात पुसून घेतला आणि जपून पिसला. पिवळी पडलेली पानं एकेकासमोर आली. पुतण्याने आपली पाच पानं उचलली, या वेळी छातीशी धरून, पंख्यासारखी उघडून. त्यात एक राजा उलटा होता. त्याची बोटं नकळत पुढे झाली आणि अर्ध्यातच थांबली. ओठ घट्ट मिटून तो तसाच बसून राहिला. आठवड्याभरात तो एवढं शिकला होता.

तात्यांनी ते पाहिलं. आपली पानं त्यांनी टेबलावर पालथी ठेवली, हात लांब करून पुतण्याच्या हातातला राजा सुलटा केला आणि म्हणाले, "फिरव रे बिनधास्त. आपल्या माणसांपासून काय लपवायचं?"